अतिवृष्टी खरंच वाढली का? आपल्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदी वाचायची रीत

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, आणि तेव्हापासून खानदेशात मोठा पाऊस झाला की एकच वाद रंगतो. पारावरचे नाना सांगतात, पूर्वी सात-सात दिवस झड लागायची, आता तासाभरात वावर धुऊन जातं. कॉलेजातली पोरं म्हणतात, हा हवामानबदल. आणि एखादे आप्पा हमखास निघतात, "अरे, असं वीस-पंचवीस वर्षांनी होतंच, आम्ही पाहिलंय." तिघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. कुणाचं किती खरं, ते तपासायची रीत इथे देतोय. लागतं काय, तर तालुक्याच्या पावसाच्या नोंदी, एक्सेलसारखी एखादी तक्त्याची शीट आणि दोन-चार रविवार.

आधी प्रश्न नीट ठरवा

"पाऊस वाढला का" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: वर्षाचा एकूण पाऊस, एका दिवसात कोसळलेला पाऊस आणि पूर. एकूण पाऊस जागच्या जागी राहून मोठ्या दिवसांची संख्या वाढू शकते. उलटही होतं: वर्ष ओलं जातं, पण सगळा पाऊस रिमझिम, जमिनीत मुरणारा.

पुराचं तर अजूनच वेगळं. हतनूरचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की भुसावळ-यावलकडे सगळे म्हणतात, औंदा पानी गैरा पडना (यंदा पाऊस फार पडला). पण तापी उगम पावते मध्य प्रदेशात मुलताईला. हतनूरला येणारं पाणी बैतूल-बऱ्हाणपूरकडून आणि पूर्णेवाटे अकोला-बुलढाण्याकडून येतं. गिरणेचंही तसंच, तिचं पाणी कळवण-सटाण्याच्या डोंगरातलं. म्हणजे तुमच्या शेतात कोरडं असताना नदीला पूर असू शकतो. त्यात गावातला नाला कोणी बुजवला, मोरी केवढ्या पाइपची टाकली, धरणातून पाणी कधी सोडलं, हे सगळं पुरात येतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडालं त्यात उकाईतून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. पुराच्या आठवणींवरून पावसाचा कल काढू नका.

हा लेख फक्त मधल्या गोष्टीचा, म्हणजे एका दिवसात कोसळणाऱ्या पावसाचा आहे. भारतीय हवामान खात्याच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस. आपल्या महसुली भाषेत मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि पंचनाम्याचं घोडं तिथूनच पुढे सरकतं. ढगफुटी हा शब्द वर्तमानपत्रं सढळ हाताने वापरतात. खात्याच्या हिशेबाने ती तासाला १०० मिलिमीटरची गोष्ट आहे, आणि तासाची नोंद ठेवणारं यंत्र जवळ नसेल तर ती झाली की नाही हे सांगताच येत नाही.

नोंदी कुठून आणायच्या

अलीकडच्या वर्षांसाठी कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ सोयीचं आहे, तिथे मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, त्यांचे आकडे यात येतात. जुन्या वर्षांसाठी तहसील कचेरीतलं पर्जन्यमापक आणि त्याचं रजिस्टर. पाटबंधारे विभागाकडे धरणांवरच्या नोंदी असतात, आणि कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रांवर, साखर कारखान्यांत, जुन्या शाळांतही कधी कधी चांगली वही सापडते.

जुनं शोधताना नावांकडे लक्ष द्या. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे-नंदुरबार म्हणजे पश्चिम. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. त्यामुळे शहादा-तळोद्याच्या जुन्या नोंदी धुळ्याच्या कपाटात निघाल्या तर नवल नाही.

तिसरा मार्ग हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाचा. त्यांनी १९०१ पासूनचा रोजचा पाऊस देशभर पाव अंशाच्या चौकटींत बसवून ठेवलाय आणि तो फुकट उतरवून घेता येतो. एक चौकट साधारण २५-२८ किलोमीटरची, म्हणजे एखाद्या लहान तालुक्याएवढी. फाइल उघडायला थोडं प्रोग्रॅमिंग येणारं कुणीतरी लागेल. एक सावधगिरी: चौकटीतला आकडा आजूबाजूच्या मापकांवरून काढलेली सरासरी असतो, त्यामुळे एका गावात पडलेला १८० मिलिमीटर तिथे १०० दिसू शकतो. कल बघायला ही चौकट चांगली, टोकाचा आकडा बघायला नाही.

किती वर्षांच्या नोंदी? ३० च्या खाली असतील तर कलाचं नावच काढू नका. ५० असतील तर बरं.

साफसफाई: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम

शीटमध्ये दोन रकाने करा, तारीख आणि मिलिमीटर. मग पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

रिकामी जागा आणि शून्य एक नव्हे. शिपाई रजेवर होता म्हणून नोंद नाही, हे "पाऊस नाही" असं धरलं तर मोठा दिवस गायब होतो. पावसाळ्यातले दहा टक्क्यांहून जास्त दिवस रिकामे असतील तर ते वर्ष बाजूला ठेवा.

पाऊस मोजतात सकाळी साडेआठला. म्हणजे ३१ तारखेच्या रकान्यातला आकडा ३० च्या सकाळी साडेआठपासून ३१ च्या साडेआठपर्यंतचा. काही कचेऱ्यांत तो आदल्या तारखेला टाकतात. शेजारच्या तालुक्याशी मोठे दिवस जुळवून बघा, एका दिवसाचा फरक सतत दिसला तर सरळ करून घ्या. साडेआठच्या अलीकडे-पलीकडे सरी आल्या की एकच पाऊस दोन तारखांत वाटला जातो. म्हणून दोन दिवसांच्या बेरजेचा रकानाही करा. ठरलेल्या वेळेच्या मापामुळे खऱ्या २४ तासांतला सर्वाधिक पाऊस सरासरीने १३ टक्क्यांच्या आसपास कमी दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

जुनी रजिस्टरं इंचात असतात. "२-५६" म्हणजे २ इंच ५६ सेंट, गुणिले २५.४, झाले ६५ मिलिमीटर. तो आकडा चुकून २५.६ मिलिमीटर म्हणून उतरवला गेला, की एक अतिवृष्टी कायमची पुसली.

सलग तीन-चार दिवस शून्य आणि मग एकदम ११० दिसले, तर तो एका दिवसाचा पाऊस असेलच असं नाही. सुट्टीत मापक ओतलंच नसेल आणि सोमवारी सगळं एकदम लिहिलं असेल. अशा जागी शेजारच्या दोन मापकांशी ताळा घ्या.

म्हाताऱ्या माणसांची आठवण इथे फार कामाला येते, पण तारीख काढून घ्यायची कला हवी. "कोणत्या साली" विचारलं तर गोंधळ होतो. "कानबाई बसवल्या होत्या का? पोळा झाला होता का? हस्त लागला होता का?" असं विचारलं की आठवडा सापडतो, आणि घरातलं लग्न किंवा कुणाचा जन्म जोडला की साल सापडतं. मग रजिस्टरचं ते पान उघडायचं. पानावर शून्य असेल तर रजिस्टर संशयास्पद, की पाऊस फक्त त्या गावातच पडला, हे दुसऱ्या मापकावरून ठरवायचं.

आता या सगळ्यात मोठी मेख. पूर्वी तालुक्याला एक मापक होतं, आज दर मंडळाला एक आहे. अतिवृष्टीचा पट्टा कधी कधी पाच-दहा किलोमीटरचाच असतो. एकच मापक असेल तर तो पट्टा त्याला चुकवून जायचा आणि कागदोपत्री काही घडलेलंच नसायचं. मापकं वाढली की जिल्ह्यातला "सर्वाधिक पाऊस" आपोआप चढतो, आभाळात काडीचाही बदल नसताना. "यंदा जिल्ह्यात इतक्या मंडळांत अतिवृष्टी" या बातमीची वीस वर्षांपूर्वीच्या बातमीशी तुलना करणं म्हणूनच चुकीचं. कल काढायचा तर जी मापकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी होती तेवढीच घ्या. मापकाची जागा बदलली असेल, बाजूला इमारत किंवा कडुनिंब वाढला असेल, तर तेही साल लिहून ठेवा.

कोणते आकडे काढायचे

दर वर्षाचे तीन आकडे पुरतात. पहिला, वर्षातल्या सर्वात मोठ्या एका दिवसाचा पाऊस. दुसरा, ६५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस किती. तिसरा आकडा स्थानिक उंबऱ्याचा. खानदेश पावसाच्या बाबतीत एक प्रदेश नाही: नवापूर-अक्राणीकडे सह्याद्री-सातपुड्याच्या कुशीत वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर शिंदखेडा-धुळ्याच्या पर्जन्यछायेत पाचशे-सहाशे. नवापूरला ६५ मिलिमीटर म्हणजे नेहमीचा पावसाळी दिवस, शिंदखेड्याला ती वर्षाची बातमी. म्हणून २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे सगळे दिवस (खात्याच्या व्याख्येत हाच "पावसाचा दिवस") घेऊन पर्सेंटाइल फंक्शनने ९५ वा टक्का काढा, म्हणजे शंभरातले ९५ पावसाचे दिवस ज्याच्या खाली राहतात तो आकडा. त्यापेक्षा मोठे दिवस दर वर्षी किती, हा तिसरा रकाना. काउंटइफ्स आणि मॅक्सइफ्स ही दोन फंक्शन्स आली की तासाभरात काम होतं.

यात मोजणीचे आकडे, म्हणजे दुसरा आणि तिसरा, मला जास्त विश्वासाचे वाटतात. सर्वात मोठ्या दिवसाचा आकडा एका वादळी ढगाच्या लहरीवर ठरतो.

चढ दिसतोय, पण तो खरा आहे का?

आलेख काढा, स्लोप फंक्शनने रेषेचा चढ काढा. बहुतेक वेळा काहीतरी चढ किंवा उतार निघतोच. इथेच लोक फसतात, आणि पहिली फसगत सुरुवातीच्या वर्षाची. मालिका १९७२ पासून सुरू केली, तर दुष्काळाच्या खड्ड्यातून रेषा निघते आणि वर जाण्याशिवाय तिला गत्यंतर नसतं. शेवटालाही तसंच: २०१९ ला देशभर मान्सून सरासरीच्या ११० टक्के झाला, पुढे २०२०, २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ तीन वर्षं ला निनाची (प्रशांत महासागराचा मधला-पूर्व भाग थंडावतो ती वर्षं, आपल्याकडे बहुधा पाऊस चांगला). तिथे मालिका थांबवली की चढ फुगतो. म्हणून पहिली पाच वर्षं काढून चढ पुन्हा काढा, मग शेवटची पाच काढून. तिन्ही वेळा साधारण सारखाच आला तर पुढे जा. चिन्हच बदललं तर विषय संपला.

मग करायची फेरफाराची चाचणी. शीटमध्ये वर्षांचा रकाना तसाच ठेवा, पावसाच्या आकड्यांशेजारी रँड फंक्शन टाका आणि त्या क्रमाने आकडे विस्कटून घ्या. आता १९८५ चा पाऊस २००३ समोर गेला, २०२१ चा १९९० समोर. या विस्कटलेल्या मालिकेत कल असूच शकत नाही. तरीही तिचा चढ काढा आणि लिहा. असं २०० वेळा करा (छोटा मॅक्रो लिहिला तर मिनिटभराचं काम). खऱ्या मालिकेएवढा किंवा त्याहून मोठा चढ विस्कटलेल्यांपैकी ५०-६० वेळा आला, तर तुमचा चढ नशिबाचा खेळ. दहापेक्षा कमी वेळा आला, तर दखल घेण्याजोगं काहीतरी आहे. संशोधक मान-केंडॉल चाचणी आणि सेनचा चढ वापरतात. एका विक्षिप्त वर्षाने हे दोन्ही फारसे हलत नाहीत. कॉलेजातला संख्याशास्त्राचा विद्यार्थी ते करून देईल. पण विस्कटून बघण्यात जी समज येते ती तयार उत्तरात येत नाही, म्हणून एकदा तरी हाताने कराच.

"विक्रमी पाऊस" या शब्दाचंही असंच माप घ्या. हवामान अजिबात बदललं नाही असं धरलं, तरी ३० वर्षांच्या नोंदीत यंदाचं वर्ष विक्रमी ठरण्याची शक्यता तीसात एक. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके. प्रत्येकाची ३० वर्षांची नोंद असेल आणि पाऊस एकमेकांपासून स्वतंत्र असेल, तर त्यातल्या निदान एका तालुक्यात यंदा विक्रम मोडण्याची शक्यता ४० टक्के निघते. शेजारच्या तालुक्यांचा पाऊस पूर्ण स्वतंत्र नसतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी. तरी दर दोन-तीन वर्षांनी जिल्ह्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात "इतिहासातला सर्वाधिक" पाऊस होणं ही साधी गणिताची गोष्ट आहे.

एका मापकाला न दिसणारी गोष्ट

आता जरा हिशेब करू, कारण सगळा वाद इथेच सुटतो. समजा तुमच्या तालुक्यात वर्षाच्या सर्वात मोठ्या दिवसाची सरासरी ९० मिलिमीटर आहे, आणि वर्षागणिक चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ४० मिलिमीटर. (तुमचे आकडे एसटीडेव्ह फंक्शनने काढा; हे केवळ उदाहरण.) ४० वर्षांची नोंद असेल, तर या चढउतारातून एखादा कल खात्रीने ओळखू यायला तो दशकाला साधारण ११ मिलिमीटर तरी हवा. म्हणजे ४० वर्षांत ४४ मिलिमीटर, जवळजवळ निम्मी वाढ.

तापमानवाढीने किती वाढ अपेक्षित आहे? हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि जगभराचा विचार केला तर मोठा पाऊसही साधारण त्याच प्रमाणात तीव्र होतो. ४० वर्षांत पाऊण अंश वाढ धरली, तर ९० मिलिमीटरवर पाचेक टक्के, म्हणजे साडेचार-पाच मिलिमीटर. शोधायचे पाच, आणि चाळणीची भोकं चव्वेचाळीसची. सापडणार कसं?

म्हणूनच "आमच्या तालुक्यात कल दिसत नाही, म्हणजे हवामानबदल थोतांड" हे जितकं चूक, तितकंच "यंदा १५० पडला, हा हवामानबदलच" हेही चूक. एका मापकाची ताकदच तेवढी नाही.

उपाय म्हणजे शेजार जोडणे. चोपडा, यावल, रावेर ही सातपुड्याच्या पायथ्याची एक पट्टी धरा. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा ही दुसरी. प्रत्येक मापकाचा सर्वात मोठा दिवस त्याच मापकाच्या सरासरीने भागा, म्हणजे सगळे एका मापावर येतात, आणि मग वर्षवार सरासरी काढा. पंधरा मापकं पूर्ण स्वतंत्र असती तर चढउतार चौपटीने कमी झाला असता. प्रत्यक्षात एकच कमी दाबाचा पट्टा सगळ्यांना भिजवतो, त्यामुळे फायदा त्याहून बराच कमी. एवढं करूनही पाच टक्क्यांचा कल खानदेशापुरत्या नोंदीत उठून दिसायला कठीणच.

संशोधकांनी म्हणून सगळा मध्य भारत एकत्र घेतला. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मोठ्या पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि एकूण पाऊस जवळपास तसाच राहिला. नानांचं "झड गेली, झोड आली" हे म्हणणं आठवतंय ना? रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ च्या नोंदींवरून सांगितलं, की मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना मध्य भारतात तिपटीने वाढल्या, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांशी जोडला. पाच टक्क्यांच्या हिशेबापेक्षा हे कितीतरी मोठं, कारण नुसतं बाष्प नाही तर वाऱ्यांची चालही बदलते. पण २०१२ मध्ये सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी देशभर बघितलं तर सगळीकडे एकसारखा कल सापडला नाही. जागोजागचा फरक मात्र वाढलेला दिसला. या तिन्ही निष्कर्षांत भांडण नाही. मोठ्या प्रदेशात कल आहे, आणि तो गावागणिक सारखा वाटलेला नाही. धुळे-नंदुरबार तर या "मध्य भारता"च्या पश्चिम काठावर येतात, तेव्हा नागपूर-भोपाळचा निष्कर्ष जसाच्या तसा नवापूरला चिकटवू नये.

झोके ओळखा

नैसर्गिक चढउतार म्हणजे निव्वळ फासे नव्हेत. त्यातही काही ओळखीचे झोके आहेत. आलेखावर एल निनोची वर्षं (ला निनाच्या उलट, प्रशांत महासागराचा तोच भाग तापतो ती) लाल टिंबाने दाखवा: १९७२, १९८२, १९८७, १९९७, २००२, २००९, २०१५, २०२३. ला निनाची निळ्या: १९८८, २०१०, आणि मघाशी सांगितलेली सलग तीन. लाल टिंबं बहुधा खाली बसतील. १९९७ मात्र बसणार नाही; एल निनो जबर असूनही देशाचा मान्सून सरासरीएवढा झाला, कारण हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या साली पूर्व भागापेक्षा जास्त तापला होता, याला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात. हाच द्विध्रुव २०१९ लाही जोरात होता. आणि वर्षाचा पाऊस कमी असला तरी एखादा दिवस १२० मिलिमीटर पडू शकतो, म्हणून तिसऱ्या रकान्याशी या टिंबांचं नातं एकूण पावसाइतकं घट्ट नसतं.

हंगामाच्या आत ३० ते ६० दिवसांचे झोके असतात, पावसाचा जोर आणि खंड त्यावर चालतो. खानदेशातला मोठा दिवस अनेकदा बंगालच्या उपसागरात तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकत सातपुड्यापाशी आलं की येतो. ते क्षेत्र शंभर किलोमीटर उत्तरेला गेलं तर पाऊस इंदूरला, आपल्याकडे नुसते ढग. एवढ्याशा वळणावर तालुक्याचा वर्षाचा आकडा ठरतो.

आणि सर्वात फसवे ते लांब झोके. भारताच्या मान्सूनमध्ये तीसेक वर्षांचे ओले-कोरडे कालखंड आढळतात: १९०१-३० कोरडा, १९३१-६० ओला, त्यानंतर १९६१-९० आणि १९९१-२०२० पुन्हा कोरडे. तुमच्याकडे ४० वर्षांची नोंद असेल तर ती अशा एखाद्या झोक्याची केवळ एक बाजू असू शकते, आणि ती बाजू कलासारखीच दिसते. म्हणून ११ वर्षांची सरकती सरासरी काढा, आणि हवामान खात्याच्या चौकटीतली १९०१ पासूनची मालिका खाली ठेवून दोन्हींची तुलना करा. आजचा चढ १९३० नंतरच्या चढासारखाच दिसत असेल, तर घाईने निष्कर्ष काढू नका.

मग मोरी केवढी टाकायची?

शेतकऱ्याला, सरपंचाला, घर बांधणाऱ्याला शेवटी हेच हवं असतं. यासाठी आवर्तनकाळ काढा, म्हणजे तेवढा पाऊस सरासरीने किती वर्षांनी एकदा येतो ते. वर्षाचे सर्वात मोठे दिवस मोठ्यापासून लहान असे लावा, त्यांना क्रमांक द्या. वर्षांची संख्या अधिक एक, भागिले क्रमांक, म्हणजे त्या पावसाचा आवर्तनकाळ. ४० वर्षांत दुसऱ्या क्रमांकाचा पाऊस साधारण २० वर्षांनी एकदा येणारा. नोंदीपलीकडचा अंदाज हवा तर गम्बेलची सोपी रीत: सरासरीत प्रमाण विचलनाची काही पट मिळवायची. १० वर्षांसाठी १.३०, २५ साठी २.०४, ५० साठी २.५९, १०० साठी ३.१४. आपल्या उदाहरणात ९० आणि ४० घेतले तर २५ वर्षांचा पाऊस १७२ मिलिमीटर, १०० वर्षांचा २१५.

"शंभर वर्षांचा पाऊस" म्हणजे तो आता शंभर वर्षं येणार नाही, असं नव्हे. दर वर्षी त्याची शक्यता एक टक्का. ३० वर्षांच्या घरकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. ५० वर्षांच्या पावसाची ४५ टक्के.

आता कल इथे मिळवा. सरासरी आणि विचलन दोन्ही फक्त ५ टक्क्यांनी वाढले असं धरलं, तर तोच २१५ मिलिमीटर आता सत्तरेक वर्षांनी येणारा होतो. जो बदल मापकाच्या आलेखात दिसतही नाही, तो बांधकामाच्या आयुष्यात जाणवण्याइतका मोठा असतो. म्हणून कल सिद्ध होण्याची वाट बघत बसू नका. चढउतारासाठी बांधायचंच आहे, त्यात कलासाठी १०-२० टक्के वाढवा. हे माझं मत, कुठल्या नियमावलीतलं नाही, पण मोरीच्या एकूण खर्चात पाइपचा एक नंबर वाढवणं फार महाग पडत नाही.

नाल्याचा हिशेब असा: पाणलोट हेक्टरमध्ये, पावसाचा वेग तासाला मिलिमीटरमध्ये, आणि वाहून जाणारा हिस्सा, तिघांचा गुणाकार भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला घनमीटर. ५० हेक्टरचं पाणलोट, तासाला ६० मिलिमीटर, भिजलेली काळी जमीन म्हणून निम्मं पाणी वाहतं असं धरलं, तर सेकंदाला सव्वाचार घनमीटर होतात. ९०० मिलिमीटरच्या सिमेंट पाइपमधून, पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने धावलं तरी, जातं सव्वा घनमीटर. शिवाररस्त्यांवर असा एकच पाइप टाकून वर मुरूम लोटलेला किती ठिकाणी दिसतो, ते पावसाळ्याआधी एकदा फिरून बघा. बाकीचे तीन घनमीटर रस्त्यावरून आणि शेजाऱ्याच्या केळीतून जातात. शेताच्या बांधाला सांडवा काढतानाही हाच हिशेब.

स्वतःचं मापक

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे ध्यानात ठेवलं की सरळ कडेचा कुठलाही डबा मापक होतो. पण शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी खात्याच्या नमुन्याचं फायबरचं सायमन पर्जन्यमापक आणलेलं बरं. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, आणि झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर, चौपट मिळालं तर उत्तम. गच्चीवर बसवू नका, तिथे वाऱ्याने पाऊस निसटतो.

सकाळी साडेआठला मोजा, पाऊस नसला तरी शून्य लिहा. मोठ्या पावसात आणखी दोन गोष्टी टिपा: तो किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला. ८० मिलिमीटर रात्रभरात पडला की दीड तासात, हे जुन्या रजिस्टरांत कुठेच नाही. मापक हलवावं लागलं तर त्या पानावर तारीख, जुनी जागा आणि नवी जागा लिहून खाली सही करा, आणि निदान एक पावसाळा दोन्ही जागी मोजा.